पन्नाशी उलटलेली फियाट डिलाइट: साडेसहा लाखांच्या जाहिरातीपासून तीन लाख बासष्ट हजारांच्या सौद्यापर्यंत

पार्श्वभूमी

गाडी फियाट ११०० डिलाइट. १९७१ची बनावट, नोंदणी पुण्यात मार्च १९७२ची. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून डिलाइट बनवली. पुढे हीच गाडी थोडा काळ 'प्रेसिडेंट' आणि १९७४पासून 'पद्मिनी' या नावाने विकली गेली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगखाली दांडीचा चार गिअरचा गिअरबॉक्स, चारही चाकांना ड्रम ब्रेक. लोक जिला 'डुक्कर फियाट' म्हणतात ती हिच्या आधीची, पुढचे दार उलटे उघडणारी. जाहिरातींत ही दोन नावे सर्रास एकमेकांत मिसळतात आणि भावाचा पहिला गोंधळ तिथेच होतो.

वडिलांनी गाडी नवी घेतली होती आणि शेवटपर्यंत त्यांच्याच नावावर होती. टॅक्सी म्हणून ती एक दिवसही चालली नाही. मार्च २०२०पासून गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. नोव्हेंबर २०२०मध्ये वडील वारले. वारस म्हणजे आई, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. भाऊ परदेशात, त्यामुळे व्यवहार बहिणीकडे आला. गाडी घरात राहून कुजण्यापेक्षा ती चालवणाऱ्याच्या हाती जावी, यावर तिघांचे एकमत होते.

अडचण

ऑगस्ट २०२२मध्ये भावाने ऑनलाइन जाहिराती पाहून ६,५०,००० रुपये किंमत ठरवली. गाडी धुऊन घेतली, टायरला चकाकी लावून घेतली, संध्याकाळच्या उन्हात सात फोटो काढून घेतले. मजकूर दोनच ओळींचा: 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, सिरियस बायर ओन्ली.'

पाच आठवड्यांत नव्वदच्या आसपास फोन आले. बहुतेक नुसती चौकशी. चौघे प्रत्यक्ष आले आणि चौघांनीही पहिल्या दहा मिनिटांत त्याच तीन गोष्टी विचारल्या: आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) कोणाच्या नावावर आहे, मुदत कधीपर्यंत आहे, गाडी सुरू करून दाखवता का? आरसी दिवंगत वडिलांच्या नावावर होती. तिची मुदत मार्च २०२२मध्येच संपली होती. आणि गाडी सुरू होत नव्हती. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने १,१०,००० रुपये रोख देऊ केले, 'कागदाचं आम्ही बघून घेऊ' असेही सांगितले.

त्या बोलीवर कुटुंब जवळजवळ तयार झाले होते. बहिणीने दोन दिवस मागून घेतले आणि जाहिरात मागे घेतली. या प्रकरणातला पहिला खरा निर्णय तो.

कागद आधी

जुन्या गाडीचा भाव ठरवताना आम्ही, म्हणजे या सौद्यात कुटुंबाला सल्ला देणारे, क्रम असा धरतो: कागद, पत्रा, इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. इंजिन उतरवून बांधता येते, पत्रा कापून जोडता येतो. पण नावावर होऊ न शकणारी गाडी चालवण्यासाठी घेणाऱ्याच्या लेखी शोभेची वस्तू असते, आणि तो तेवढाच भाव देतो. व्यापाऱ्याची बोली एक लाख दहा हजारांची होती ती यामुळेच.

कागदांच्या चार गाठी होत्या.

पहिली गाठ वारसाची. मालक वारल्यावर नाव बदलायला नेहमीचे फॉर्म २९ आणि ३० चालत नाहीत, फॉर्म ३१ लागतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला, आई आणि भावाची संमती, बहिणीचे प्रतिज्ञापत्र. खरे तर मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. इथे दोन वर्षे गेली होती. भावाची संमती परदेशातून साक्षांकित होऊन यायलाच पाच आठवडे लागले.

दुसरी गाठ नोंदीची. आरसी पुस्तकाच्या रूपात होती आणि गाडी 'वाहन' या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर दिसतच नव्हती. अशा वेळी कार्यालयाकडून जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत पुढचा एकही ऑनलाइन अर्ज भरता येत नाही. यात सर्वांत जास्त वेळ गेला आणि यावर इलाज म्हणजे पाठपुरावा, दुसरा नाही. एंट्री झाल्यावर इंजिन व चेसिस क्रमांक, उत्पादनाचे वर्ष, इंधन आणि वर्ग हे स्वतः ताडून पाहायचे. एक अंक चुकला तर पासिंगच्या, म्हणजे परिवहन कार्यालयातल्या तपासणीच्या, दिवशी गाडी परत पाठवतात.

तिसरी गाठ रंगाची. पुस्तकात रंग राखाडी, गाडी मात्र क्रीम. १९९४मध्ये रंग बदलला होता, नोंद केली नव्हती. नूतनीकरणाच्या अर्जासोबतच रंगबदलाची नोंद मागितली.

चौथी गाठ मुदतीची. इथे खरा पर्याय होता. गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली होती, म्हणजे जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ती 'व्हिंटेज' नोंदणीला पात्र ठरू शकत होती. त्यात 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला मूळ क्रमांकही ठेवता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. २०२२च्या दरांत अशा खासगी गाडीला थर्ड पार्टी विम्यात निम्मी सूटही होती. पण एक अट मोठी आहे: गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. डिलाइटचे गिऱ्हाईक बहुतांशी रविवारी कुटुंबाला घेऊन बाहेर पडणारे असते. ते या अटीमुळे मागे सरले असते. म्हणून साधे पाच वर्षांचे नूतनीकरण निवडले. पुढे मालकाला हवे असल्यास व्हिंटेजचा रस्ता मोकळाच राहतो. दुर्मीळ परदेशी गाडी असती तर हा कौल उलटाही गेला असता.

खर्च असा आला: नूतनीकरण ५,००० रुपये, अकरा महिन्यांच्या उशिराचे दरमहा ५०० प्रमाणे ५,५०० आणि पर्यावरण कर ३,०००. थर्ड पार्टी विमा ३,४१६ अधिक जीएसटी. नाव बदल, रंगाची नोंद, कार्ड, प्रतिज्ञापत्रे, हेलपाटे मिळून साडेचार हजार. एकूण २२,००० रुपये.

गाडीची खरी अवस्था

पासिंगला गाडी स्वतःच्या चाकांवर न्यावी लागणार होती, त्यामुळे यांत्रिक काम टाळणे शक्यच नव्हते. प्रश्न एवढाच होता की किती करायचे.

तीन वर्षे उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारणे ही सगळ्यात महागडी चूक. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, रिंगा चिकटलेल्या असू शकतात. म्हणून चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दहा मिलिलीटर इंजिन ऑइल सोडले आणि चोवीस तास तसेच ठेवले. मग चौथ्या गिअरमध्ये गाडी पुढे-मागे हलवून इंजिन मोकळे फिरते का ते पाहिले. फिरले. जुने ऑइल काढून २०डब्ल्यू-५० भरले. टाकीतले पेट्रोल घट्ट, वार्निशसारख्या वासाचे झाले होते. टाकी उतरवून धुतली, सोलेक्स कार्ब्युरेटर सोडवून जेट साफ केले, कारागीर ज्याला 'एसी पंप' म्हणतात त्या यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. रबरी नळ्या सगळ्या नव्या घातल्या, त्याही इथेनॉल सोसणाऱ्या. जुने रबर इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि गरम इंजिनावर थेंब गळू लागतात. जुन्या गाड्यांना आग लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

ब्रेकवर तडजोड केली नाही. या गाडीत ब्रेकची वाहिनी एकच आहे, म्हणजे एका चाकाकडे गळती झाली तरी पॅडल तळाला जाते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते आणि उभ्या गाडीत व्हील सिलिंडर आतून गंजतात. डाव्या मागच्या चाकाचे सिलिंडर पूर्ण जाम होते. मास्टर सिलिंडरचे किट, सर्व व्हील सिलिंडर, रबरी होज बदलून संपूर्ण ऑइल नवे भरले.

इंजिन सुरू झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजले. आकडे पीएसआयमध्ये असे: १२२, ११८, ८४, १२०. तिसरा सिलिंडर पडलेला. त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले तर काटा ८८वर थांबला. ऑइल टाकल्यावर दाब चांगला वाढला तर दोष रिंगांचा, वाढला नाही तर वॉल्व्हचा किंवा गास्केटचा. गॅरेजचा सल्ला होता हेड उतरवायचे, अंदाज १५,००० रुपये. त्याआधी वॉल्व्हचे क्लिअरन्स तपासायला सांगितले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट वॉल्व्हला फट जवळजवळ उरलीच नव्हती, त्यामुळे तो पूर्ण बसत नव्हता. सेटिंग केल्यावर, तीस किलोमीटर चालवून पुन्हा मोजले: ११२. हेड उतरवावे लागले नाही. हा आकडा माहीत नसता तर गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने तोच ८४ दाखवून किमान पंचवीस हजार पाडून घेतले असते, आणि ते रास्तही ठरले असते.

पीयूसीच्या पहिल्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड ५.१ टक्के आला, मर्यादा ३ टक्के. सीबी पॉइंट, कंडेन्सर, प्लग बदलून आणि मिश्रणाचा स्क्रू लावून तो २.२वर आणला.

आता पत्रा. डिलाइटला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चेसिस. त्यामुळे दाराखालची सिल, पायाखालची फ्लोअर आणि पुढच्या सस्पेन्शनची बैठक इथला गंज हा दिसण्याचा प्रश्न नसून ताकदीचा असतो. रंगाची जाडी मोजायच्या मीटरने छत आणि बॉनेटवर १८० ते २६० मायक्रॉन दाखवले, म्हणजे जुन्यावर एक चांगला रंग. डाव्या मागच्या मडगार्डवर मात्र ९००पर्यंत गेला. तिथे खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे हे उघड झाले. मीटर नसेल तर फ्रिजवरचे पातळ चुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवले तरी कळते, लांबीवर ते घसरते. मॅट उचलल्यावर चालकाच्या पायाखाली साधारण नऊ बाय सहा इंचांचा पत्रा कुजलेला सापडला. उजव्या सिलला तीन बारीक भोके होती.

फ्लोअरचे काम केले, कारण सीटचा एक बोल्ट त्याच पट्ट्यात होता. कुजका भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून १८ गेजचा पत्रा वेल्ड केला. वर झिंक प्रायमरचा फक्त एक हात मारला, काळे अंडरकोट मुद्दाम मारले नाही. काम उघडे दिसले की घेणारा वेल्ड पाहू शकतो, त्यावर डांबरासारखा थर दिसला की तो आत काय दडवले आहे याचाच विचार करतो. कापण्यापूर्वी, कापल्यावर आणि वेल्ड झाल्यावर असे तीन टप्प्यांचे फोटो ठेवले. सिल तशीच ठेवली आणि गॅरेजकडून तिच्या कामाचा १४,००० रुपयांचा लेखी अंदाज घेतला.

यांत्रिक खर्च: बॅटरी ४,८००, ब्रेक ९,६००, टाकी-कार्ब्युरेटर-पंप-नळ्या ७,४००, ट्यूनिंग व ऑइल ४,२००, फ्लोअर ८,५००. एकूण ३४,५००. फेब्रुवारी २०२३मध्ये पासिंग झाले.

रंगाचा पर्याय

भावाचा आग्रह पूर्ण रंग काढण्याचा होता, अंदाज ९०,००० रुपये. हा मोह जवळजवळ प्रत्येक विक्रेत्याला होतो. आम्ही विरोधात होतो. विक्रीच्या तोंडावर काढलेला ताजा रंग पाहून जाणकार गिऱ्हाईक विचारते, खाली काय आहे? आणि त्याचे उत्तर फोटोंनीही पुरते देता येत नाही. शिवाय रंगाची निवड घेणाऱ्याची असते. एखाद्याला मूळ राखाडीच हवा असेल तर आपले नव्वद हजार त्याच्यासाठी खर्चच. १९९४चा रंग दोन-चार ठिकाणी उडालेला, पण धरून होता. तो तसाच ठेवला.

किंमत कशी ठरली

जाहिरातीतली किंमत म्हणजे मागणी, भाव नव्हे. सहा-सहा महिने पडून असलेल्या जाहिरातीच सगळ्यात जास्त दिसतात, कारण रास्त भावाच्या गाड्या विकून यादीतून गेलेल्या असतात. भावाचे साडेसहा लाख असेच पडून राहिलेल्या जाहिरातींतून आले होते.

या वेळी डिलाइट आणि सुरुवातीच्या पद्मिनीच्या, खासगी नोंदणीच्या, चालू कागदांच्या आणि विकल्या गेल्याचे दिसणाऱ्या नऊ जाहिरातींवर फोन केले. सरळ विचारले: आम्हीही अशीच गाडी विकतोय, तुमची शेवटी कितीला गेली? पाच जणांनी आकडा सांगितला: २.६, २.९, ३.४, ४.१ आणि ४.७५ लाख. शेवटची गाडी पूर्ण नव्याने उभी केलेली, सगळ्या बिलांसह होती.

मग वरून खाली मोजले. आपली गाडी त्या ४.७५च्या पातळीला न्यायला घेणाऱ्याला काय करावे लागेल? सिल १४,०००, बंपर व ग्रिलचे क्रोम २४,०००, छताचे अस्तर आणि सीट ३१,०००, पाच टायर २१,०००. बेरीज ९०,०००. उरले ३,८५,०००. रंगाची वजावट केली नाही, कारण या वर्गातले बरेच जण जुना पण प्रामाणिक रंग पसंत करतात. खालून वर पाहिले तर ३.४ लाखांची गाडी अवस्थेने जवळची होती, पण तिला चार मालक होते. म्हणजे पट्टा ३.४ ते ३.८५चा.

'एका हातातली गाडी' आणि वडिलांची सर्व्हिसची वही यांचे वेगळे किती धरायचे, यावर घरात बराच वाद झाला. आमचे मत असे की वही भाव वाढवत नाही, घासाघीस लहान करते. १९७२पासूनचे ऑइल, टायर, क्लच प्लेट, सगळे तारीख आणि किलोमीटरसह लिहिलेले असेल तर समोरच्याच्या पाच शंका न विचारताच मिटतात.

मागणी ३,९५,००० ठेवली. ४ लाख १० हजार ठेवली असती तर चार लाखांची मर्यादा टाकून शोधणाऱ्यांना गाडी दिसलीच नसती. अपेक्षा ३,६०,००० आणि ज्याखाली जायचे नाही तो आकडा ३,४०,०००. शेवटचा आकडा कागदावर लिहून तिघांनी मान्य केला, कारण समोर नोटांची भाषा सुरू झाली की तोंडी ठरलेले आकडे हलतात.

मांडणी

धुण्यासाठी प्रेशर पंप वापरला नाही. पन्नास वर्षांच्या काचांच्या बीडिंगमधून पाणी थेट दाराच्या आणि फ्लोअरच्या पोकळीत जाते. बादली, मऊ कापड, सावली. रबिंग (रंग घासून उजळणे) आधी दाराच्या आतल्या पट्टीवर करून पाहिले. जुन्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसतो, त्यामुळे कापडाला रंग लागणे स्वाभाविक आहे. मात्र बॉनेट आणि मडगार्डच्या कडांवर हात थांबवायचा, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि दोन मिनिटांत प्रायमर उघडा पडतो.

इंजिनाची खोली ब्रशने पुसली, पण चकाचक केली नाही. धुतल्यावर गाडी चाळीस किलोमीटर चालवली आणि मग फोटो काढले, म्हणजे जिथे ऑइल घाम सोडते ते दिसेल. टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) कडेला ओलसरपणा होता, तो जाहिरातीत लिहिला. नवी सीट कव्हरे घातली नाहीत. डिकीत उंदराचे जुने घरटे निघाले. तिथली वायर तपासून घेतली, मॅट दोन दिवस उन्हात ठेवले. बंद गाडीचा कुबट वास गिऱ्हाइकाला गंजाची आठवण करून देतो.

फोटो अठ्ठेचाळीस. सकाळी सात ते आठ, साध्या भिंतीपुढे, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर, फोन थोडा लांब धरून दुप्पट झूमवर. जवळून काढले की नाक मोठे येते आणि गाडीची ठेवण बिघडते. अठ्ठेचाळीसपैकी चौदा फोटो दोषांचे: सिलची भोके शेजारी मोजपट्टी धरून, लांबीचे मडगार्ड मीटरच्या आकड्यासह, फ्लोअरचे तीन टप्पे, खालून चार कोपरे. चेसिस क्रमांकाचे शेवटचे चार अंक झाकले, पूर्ण क्रमांक भेटीतच दाखवायचा असे ठरवले.

एक व्हिडिओ, दीड मिनिटाचा, न कापलेला: थंड बॉनेटवर हात, चोक, स्टार्टर, मग सायलेन्सरकडे चालत जाणे. सुरुवातीची पांढरी वाफ चालते. थोडा वेळ आयडलवर ठेवून रेस दिल्यावर निळा धूर आला तर वॉल्व्ह गाइड झिजलेले असतात, सतत काळा आला तर मिश्रण जाड. जाणकार माणूस हेच पाहतो, म्हणून तेच दाखवले.

मजकूर असा होता:

'फियाट ११०० डिलाइट, १९७१ची बनावट, मार्च १९७२ची पुणे नोंदणी. खासगी, एकाच कुटुंबात. आरसी विक्रेतीच्या नावावर, पाच वर्षांसाठी नूतनीकृत, पर्यावरण कर भरलेला, कर्ज नाही. मूळ रंग राखाडी, १९९४पासून क्रीम, आरसीवर नोंद आहे. इंजिन क्रमांक आरसीप्रमाणे. कॉम्प्रेशन १२२, ११८, ११२, १२०. ब्रेक पूर्ण नवे. चालकाकडील फ्लोअर वेल्ड केली, फोटो आहेत. करायची कामे: उजवी सिल (अंदाज १४,०००), क्रोम, छताचे अस्तर, टायर जुने. डाव्या मागच्या मडगार्डला लांबी आहे. किंमत ३,९५,०००, गाडी पाहिल्यावर थोडे बोलता येईल. भेट सकाळी, इंजिन थंड असताना.'

फोन, भेटी आणि दोन बोली

मार्च २०२३च्या मध्यावर जाहिरात टाकली. तीन आठवड्यांत ४१ फोन, सहा भेटी. फोन कमी आले, पण बोलणारे लोक वेगळे होते. पहिलाच प्रश्न सिलचा असायचा. दिल्ली परिसरातल्या एकाला बहिणीने स्वतःहून सांगितले की तिथे १५ वर्षांवरील पेट्रोल गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. एका हॉटेलवाल्याला इंजिन काढून दारात शोभेला ठेवायची होती, त्यांनी अडीच लाख सांगितले. तो विषय आईने तिथेच संपवला.

जुन्या जाहिरातीची सावली मात्र उरली होती. दोघांनी विचारले, "ताई, आधी साडेसहा होती ना? मग आता चार कशी?" बहिणीचे उत्तर ठरलेले होते: तेव्हा गाडी सुरू होत नव्हती आणि किंमत चुकीची होती. दोघांपैकी एकजण तरीही आला.

खऱ्या बोली दोन. बंगळुरूहून ३,८०,०००: वीस हजार टोकन, बाकी ट्रक पोहोचल्यावर, आणि फॉर्म २८ (ना-हरकतीचा, म्हणजे एनओसीचा), २९, ३० सह्या करून कोरे पाठवायचे. हडपसरच्या एका निवृत्त तंत्रज्ञांची सुरुवात ३,४०,०००ला झाली.

इथे चाळीस हजारांसाठी घसरायला सोपे होते. पण कोऱ्या फॉर्मवर गाडी गेली की नाव कधी बदलेल यावर विक्रेत्याचा ताबा राहत नाही. तोपर्यंत अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी आरसीवरचा मालकच जबाबदार धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केले आहे. बहिणीने बंगळुरूला उलट प्रस्ताव दिला: पूर्ण रक्कम आधी, घेणाऱ्याचे नाव भरलेले फॉर्म आणि एनओसी हातात आल्यावरच गाडी. त्यांनी तो नाकारला.

हडपसरचे काका मेकॅनिक आणि चुंबक घेऊन आले. आधी बहिणीने गाडी चालवली, ते शेजारी बसले. मग परवाना पाहून त्यांच्या हाती दिली. परत आल्यावर गाडी लिफ्टवर चढवली. मेकॅनिकने सिलचे पंचवीस हजार सांगितले, बहिणीने चौदा हजारांचा लेखी अंदाज पुढे केला. बोलणे ३,५०,०००वर अडले. तेव्हा तिने माळ्यावरचा सुट्या भागांचा खोका काढला: एक जादा ग्रिल, दोन व्हील कॅप, मागच्या दिव्यांच्या काचा, जुना कार्ब्युरेटर. भाऊ हे वेगळे विकायला निघाला होता. ३,६२,००० खोक्यासह ठरले.

सौदा आणि हिशोब

रक्कम आरटीजीएसने, बँकेच्या शाखेत बसून. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेएवढा असतो. पैसे जमा झाल्याचे दिसल्यावर फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, घेणाऱ्याचे नाव-पत्ता भरून, दोघांच्या सह्या. दोघेही एकाच परिवहन कार्यालयाच्या हद्दीत, त्यामुळे एनओसीची गरज पडली नाही. अर्ज त्याच दिवशी केला. ताबापावतीवर तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहिला, 'यापुढील दंड व अपघाताची जबाबदारी घेणाऱ्याची' ही ओळ घातली. या ओळीने कायद्यातली मालकी बदलत नाही, पण वाद झालाच तर वेळ सिद्ध करता येते. एकोणिसाव्या दिवशी नाव बदलल्याचा संदेश आला.

विक्री ३,६२,०००. खर्च: कागद २२,०००, काम ३४,५००, सफाई व फोटो ५,२००, मिळून ६१,७००. हाती ३,००,३००. व्यापाऱ्याच्या बोलीपेक्षा १,९०,३०० जास्त, आणि त्यासाठी आठ महिने.

वेगळे काय करता आले असते

सिलचे काम करून घ्यायला हवे होते. अंदाजपत्रक पुरेसे ठरेल हे आमचे गृहीत अर्धेच बरोबर निघाले. घेणाऱ्याच्या मनात भोक चौदा हजारांचे नसते, 'आत अजून किती?' याचे असते. फ्लोअरप्रमाणे कापून, फोटो काढून केले असते तर अडलेले बोलणे बहुधा पाच-दहा हजार वर सुटले असते.

जुनी जाहिरात मागे घेताना ती पुसून टाकायला हवी होती. फक्त बंद केल्यामुळे साडेसहाचा आकडा इतर ठिकाणी उचलला गेला आणि फिरत राहिला.

फॉर्म ३१ वेळेत भरला असता तर नूतनीकरण मार्च २०२२पूर्वीच झाले असते, उशिराचे साडेपाच हजार वाचले असते. आणि २०२०मध्ये गाडी उभी करतानाच बॅटरीची तार सोडली असती, पेट्रोल काढले असते आणि पंधरवड्याला एकदा ब्रेक दाबत गाडी थोडी हलवली असती, तर ब्रेक आणि टाकीच्या सतरा हजारांपैकी बराच भाग टळला असता. नुसते महिन्यातून पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवणे मात्र उपयोगाचे नाही. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि ब्रेक तसेच जाम होतात.

वडिलांची वही मूळ गाडीसोबत गेली. कुटुंबाने सगळी पाने स्कॅन करून ठेवली आहेत.